ताशा हवा, तर आधी ढोल बांधा

मंडळी, लग्नाची वरात असो, गावची जत्रा असो की गणपतीची मिरवणूक, 'नाशिकचा ढोल आणलाय' असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याची मान जरा वर होते. मुंबई-ठाण्यापासून खानदेशापर्यंत या ढोलाचे नाव झाले आहे. पण यातली एक मौज तुमच्या ध्यानात आली आहे का? नाव झाले ते ढोलाचे. 'नाशिकचा ताशा' असे कोणी म्हणत नाही. आणि तरीसुद्धा पथकात नव्याने येणाऱ्या पोरांना विचारून पाहा, 'काय रे, काय वाजवणार?' बहुतेकांचे उत्तर एकच, 'ताशा!'

यात पोरांची चूक नाही. ताशा कडकडतो, लोकांची नजर खेचून घेतो. दोन काड्या आणि दहा बोटांची करामत. त्याची तर्री सुरू झाली की बघणारे पुढे सरकतात. ताल बदलायचा झाला तर इशारा ताशाच देतो, बंद करायचे झाले तर तोच सांगतो. ढोलवाले आपले मागे रांगेत उभे. अंगावर ओझे, हातात टिपरू, आणि ठोके मोजून चार. अशा कामाची हौस पोराला कशी वाटावी? शाळेच्या लेझीम पथकातही हेच चालते. हलगी किंवा ताशा मिळावा म्हणून भांडणे होतात आणि ढोल जो थोराड असेल त्याच्या गळ्यात पडतो.

आज मला सांगायचे आहे ते याच्या उलट आहे. ज्याला चांगला ताशा वाजवायचा आहे त्याने निदान एक हंगाम ढोल वाजवावा. शिक्षा म्हणून नव्हे, आणि 'आधी खालचे काम, मग वरचे' या सरकारी हिशेबानेही नव्हे. ताशाच्या म्हणून ज्या गोष्टी आहेत त्यांतल्या निम्म्या ढोलाच्या मागे उभे राहिल्याशिवाय कळतच नाहीत, म्हणून.

आधी ही वाद्ये नीट पाहू. ताशा म्हणजे धातूचे उथळ भांडे. तांब्याचे, पितळेचे किंवा पत्र्याचे. त्याच्या तोंडावर ताणून बसवलेले पान. पूर्वी हे पान चामड्याचे असे. भाद्रपदातल्या ओलसर हवेत ते सैल पडे, मग कडेला जाळ करून ताशे शेकायचे. हलगी आजही गावोगाव तशीच शेकतात. आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकची पाने आली, त्यामुळे जाळ गेला, पण आवाज अधिक कर्कश झाला. ढोल म्हणजे मोठे पिंप, दोन्ही तोंडांना पाने, दोरीने आवळलेली. एका पानावर टिपरू पडते, दुसऱ्यावर हाताची थाप. गावागणिक बांधण्याची आणि धरण्याची तऱ्हा थोडी वेगळी, पण काम एकच. ताशाचे पान लहान आणि घट्ट, म्हणून ते झटकन बोलते आणि झटकन गप्प होते. ढोलाचे पान मोठे, म्हणून ते सावकाश डोलते आणि ठोका संपल्यावरही काही क्षण घुमत राहते. हे घुमणे लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

तुम्ही म्हणाल, उंच आवाजाचे एक आणि खर्जाचे एक अशी जोडी तर आपल्याकडे सगळीकडेच आहे. खरे आहे. तबला आणि डग्गा पाहा. वणीच्या सप्तशृंगीला किंवा कुठल्याही गोंधळाला वाजणारा संबळ पाहा. एक लहान, एक मोठा, आणि मोठ्यावर पडणारी ती वाकडी काडी. वारकऱ्यांचा मृदंग पाहा, एका तोंडाला शाई आणि दुसऱ्याला थापलेली ओली कणीक. त्र्यंबकेश्वराला पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा भरते, तेव्हा दिंडीमागून दिंडी येते आणि प्रत्येक दिंडीत हा कणकेचा आवाज टाळांच्या खाली पायासारखा असतो. पण या सगळ्या वाद्यांत एक सोय आहे. दोन्ही तोंडे एकाच माणसाच्या हातात असतात. उजव्या हाताने घाई केली तर डाव्याला लगेच कळते, कारण दोन्ही हात एकाच डोक्याचे नोकर.

ढोल-ताशात तसे नाही. इथे उजवा हात एका माणसाचा आणि डावा हात दुसऱ्याचा. नव्हे, वीस-तीस दुसऱ्यांचा. मधे दहा-वीस पावलांचे अंतर. एकाला काय होते आहे ते दुसऱ्याच्या अंगाला कळत नाही. ते कळण्याचा उपाय एकच, अधूनमधून जागा बदलणे.

ढोलामागे उभा राहिलेला पोरगा पहिली गोष्ट शिकतो ती थांबण्याची. ताशावर हात रिकामा नसतोच. मोकळी जागा दिसली की काडी आपोआप पडते. ढोलावर मात्र दोन ठोक्यांमध्ये लांबलचक जागा असते आणि ती जागा न वाजवता भरायची असते. ऐकायला सोपे वाटते, पण करून पाहा. मिनिटाला साठ ठोक्यांची लय धरा आणि फक्त चौथ्या मात्रेला टिपरू टाका. मधल्या तीन मात्रा मनात. पाच मिनिटांत नवशिक्याचा ठोका हमखास अलीकडे सरकतो. हात वाट पाहायला तयारच नसतो. महिनाभर हे केले की मात्रा पोटात बसते. मग तोच पोरगा ताशावर गेला की त्याची तर्री कितीही धावो, सम कुठे आहे हे त्याला हुडकावे लागत नाही. धावणाऱ्याला घर कुठे ते ठाऊक असते.

दुसरी गोष्ट वजनाची. ताशेवाल्याच्या हातात दोन बारीक काड्या असतात. त्याचे काम मनगटाचे. ढोलवाल्याचे काम खांद्याचे आणि कमरेचे. लय थोडी चढवली तर ताशेवाल्याला मजा येते, ढोलवाल्याचे खांदे भरून येतात. नाशिकची विसर्जनाची मिरवणूक तुम्ही पाहिली असेल. जुन्या नाशकात वाकडी बारवेपासून निघते, भद्रकाली, मेन रोड, रविवार कारंजा असे करत गोदेच्या काठी पोचते. अंतर फार नाही, पण वेळ तासांच्या हिशेबात जातो. पहिल्याच तासात ताशाने लय चढवून ठेवली, तर रविवार कारंजा येईपर्यंत मागच्या रांगेतले ठोके पडायचे बंद होतात. टिपरू वर जाते, खाली येते, पण पान बोलत नाही. ताशेवाल्याला वाटते, ढोलवाले आळशी. ज्याने एकदा ढोल बांधून तो रस्ता चालला आहे, त्याला असे वाटत नाही. तो लय राखून ठेवतो. आणि हा केवळ हौशी पथकांचा प्रश्न नाही बरे का. बाजा वाजवून पोट भरणारी जी मंडळी आहेत, त्यांना आज वरात, उद्या जत्रा, परवा आणखी काही असते. पहिल्या दिवशी खांदा गेला तर पुढच्या सुपाऱ्या गेल्या.

आता त्या घुमण्याकडे येऊ. ढोलाचा ठोका पडला की पान काही क्षण घुमते. तेवढ्यात दुसरा ठोका पडला तर आधीचा आवाज आणि नवा आवाज एकमेकांत मिसळतात आणि 'धम्म, धम्म' ऐवजी नुसता गडगडाट ऐकू येतो. म्हणजे प्रत्येक ढोलाला त्याची एक लय असते, तिच्या पलीकडे तो स्पष्ट बोलू शकत नाही. ही मर्यादा ताशाला नाही. म्हणून लय कुठपर्यंत न्यायची हे ताशाच्या काडीने नव्हे, ढोलाच्या पानाने ठरवायचे असते. शिवाय ढोलाच्या जड ठोक्यावरच ताशाने काड्यांचा पाऊस पाडला तर दोन्ही झाकले जातात. ठोका पडू द्यावा, आणि तो घुमत असताना वरून तर्री सोडावी. चांगले ताशेवाले हेच करतात. पण का करतात हे त्यांना विचारले तर सांगता येत नाही. ते ढोल वाजवून शिकलेले असतात, एवढेच.

यापुढची गोष्ट जरा विज्ञानाची आहे. गुरुजींनी इकडे विशेष लक्ष द्यावे, कारण वर्गात सांगण्याजोगी आहे.

गोदेच्या काठी पलीकडे कोणी धुणे धोपटत असेल तर नीट पाहा. धोपटणे खाली आलेले डोळ्यांना आधी दिसते, 'धप' मागून ऐकू येते. आवाजाला चालत यावे लागते आणि त्याची चाल सेकंदाला सुमारे ३४० मीटर. आता पथक पस्तीस मीटर लांब पसरले आहे असे धरा. पुढच्या ताशाचा आवाज मागच्या ढोलापर्यंत जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. तुम्ही म्हणाल, दहावा भाग म्हणजे काहीच नाही. हिशेब करू. मिनिटाला १२० ठोक्यांची लय म्हणजे एका ठोक्याला अर्धा सेकंद. त्याचा पाचवा हिस्सा वाटेतच गेला. ताशावर एका ठोक्यात चार काड्या पडत असतील, तर जवळजवळ एक अख्खी काडी गेली. बरे, एवढ्यावर भागत नाही. मागचा ढोलवाला आपल्या कानाला आला तेव्हा ठोका टाकतो. त्याचा आवाज परत पुढे जायला आणखी दहावा भाग. म्हणजे ताशेवाल्याच्या कानाला तो एक पंचमांश सेकंद उशिरा पोचतो.

आता गंमत पाहा. ताशेवाल्याला वाटते, मागचे लोक रेंगाळत आहेत. तो त्यांना ओढायला लय वाढवतो. मागच्यांना वाटते, ताशा पळतो आहे. ते धावतात, तरी मागेच राहतात. कोणीच चुकलेले नसते, आणि पथक फाटते. दोन्ही बाजूंचे लोक मिरवणूक संपल्यावर एकमेकांवर चिडतात, आणि भांडणाचे कारण असते हवा!

ज्याने मागच्या रांगेत ढोल बांधला आहे, त्याला हे गणित मांडता आले नाही तरी अंगाने ठाऊक असते. पुढे ताशावर आल्यावर तो मागच्या आवाजाकडे कान देऊन लय ठरवत नाही. तो जवळच्या दोन ढोलांचा ठोका धरतो आणि मागच्यांना डोळ्यांनी दिसेल असा हात वर करतो. नजरेला उशीर होत नाही. म्हणूनच ताशे अगदी पुढे लावण्यापेक्षा पथकाच्या मधोमध ठेवावेत. अंतर आपोआप निम्मे होते. झेंडा नाचवणारा किंवा झांजवाला मागच्या रांगांना दिसेल असा उभा केला तर आणखी सोय. पण झेंडेवाल्याला ताल कळला पाहिजे, नाहीतर झेंडा एकीकडे आणि ढोल दुसरीकडे!

आणखी एक अनुभव तुम्हा सर्वांचा आहे. मिरवणूक पुढच्या गल्लीत असते, वळणाआड असते, तेव्हा आधी काय ऐकू येते? ढोल. ताशा ती वळणावर दिसायला लागली की मग. याचे कारण आवाजाच्या लाटेत आहे. सेकंदाला ७० कंपने होणारा खर्जाचा आवाज घेतला तर त्याची एक लाट जवळजवळ पाच मीटर लांब भरते. सेकंदाला २,००० कंपनांच्या आवाजाची लाट वीतभरसुद्धा नसते. लांब लाट घराच्या कोपऱ्याला वळसा घालून पुढे जाते. आखूड लाट भिंतीवर आपटून परत फिरते. जुन्या नाशकातल्या अरुंद गल्ल्यांत ताशाचा आवाज दोन्ही भिंतींवरून उलटून येतो आणि ताशेवाल्याला वाटते की आपण फार जोरात वाजतो आहोत. तोच घाटाच्या मोकळ्या पटांगणात आला की आवाज हरवल्यासारखा वाटतो आणि तो जास्त जोर लावतो. ढोल मात्र दोन्हीकडे धरून ठेवतो.

हे झाले कानाबाहेरचे. कानाच्या आतही काही भेद आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ऐकणाऱ्याला एकाच वेळी दोन आवाज ऐकवायचे, एक उंच आणि एक खालचा. मधेच त्यांतला एक आवाज सेकंदाच्या विसाव्या भागाने आधी वाजवायचा. खालचा आवाज आधी आला तर मेंदू त्याची दखल जास्त ठळकपणे घेतो असे दिसले. माणसांना बोटाने ताल धरायला सांगितले तेव्हाही बोट खालच्या आवाजाच्या वेळेकडे अधिक झुकले. याचे मूळ आतल्या कानाच्या घडणीतच आहे असे त्यांनी मांडले. आता याचा आपल्या मिरवणुकीशी संबंध काय? संबंध असा की, बघे ताशाकडे पाहत असले तरी त्यांचे पाय ढोलावर पडत असतात. लेझीम खेळणाऱ्या मुलांचेही तेच. ताशाने गंमत केली, एखादी काडी इकडेतिकडे झाली, तर लेझीम चालू राहते. ढोल चुकला की सगळी रांग चुकते. ताशेवाला लोकांना नाचवतो असे आपण म्हणतो. पण नाचवणारा मागे उभा असतो, आणि ताशेवाल्याला त्याच्यामार्फत नाचवायचे असते. ज्याच्यामार्फत काम करून घ्यायचे, त्याचे काम आपल्याला यायला नको काय?

हा विचार फक्त आपल्याकडचाच आहे असे समजू नका. गिटार हे वाद्य आता तालुक्याच्या गावीही पोचले आहे, कॉलेजातली मुले हौसेने घेतात. गिटारला सहा तारा. तिच्याच घरातले दुसरे वाद्य म्हणजे बास गिटार. हिला साधारणपणे चारच तारा, आणि त्या गिटारच्या चार जाड तारांपेक्षा एक सप्तक खाली लावलेल्या. पूर्वी हे काम माणसापेक्षा उंच अशा उभ्या सारंगीसारख्या वाद्याकडे असे. १९५१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी हातात धरण्याजोगी विजेवरची बास गिटार बाजारात आणली आणि ती जगभर पसरली. पण तिथेही हौस गिटारचीच. इंग्लंडातल्या बीटल्स या प्रसिद्ध चमूत १९६१ साली बास वाजवणारा सोडून गेला, तेव्हा ती जागा घ्यायला कोणी उत्सुक नव्हते. शेवटी पॉल मॅकार्टनी यांनी ती घेतली. तोवर ते गिटार वाजवत. पुढे ते मोठे गीतकार झाले आणि त्यांची बासही गाण्याइतकीच लक्ष देऊन ऐकली जाऊ लागली. गाण्याचा पाया कुठे आहे हे ज्याला रोज हाताने चाचपावे लागते, त्याची वरची इमारतही वेगळी होते, असे मला वाटते.

गिटारवाल्या मुलांना बास का शिकावी हे समजावून द्यायचे असेल, तर शाळेतली बाजाची पेटी पुरे. एका मुलाला मधल्या सप्तकातला सा आणि ग एकत्र धरायला सांगा. दुसऱ्या मुलाला खालच्या सप्तकातला सा दाबू द्या. आवाज कसा उजळ, स्थिर वाटतो. आता वरचे दोन स्वर तसेच ठेवा आणि खालच्याने सा सोडून शुद्ध ध दाबावा. वर काहीसुद्धा बदललेले नाही, तरी सगळा रंग उदास होतो. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलालाही हा फरक कळतो. म्हणजे वरच्याने काय वाजवले याचा अर्थ खालचा ठरवतो. गिटारवाला नुसताच वर खेळत राहिला तर आपल्या स्वरांचा अर्थ कोण ठरवतो आहे हे त्याला कळणारच नाही.

आपल्या गाण्यातही हे जुनेच आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याच्या उत्तरार्धात नाशकात आश्रम काढला, हे नाशिककरांना सांगायला नको. त्या परंपरेतला काय किंवा दुसऱ्या कुठल्या घराण्यातला काय, शिष्य आधी गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसतो. तंबोऱ्याची चौथी तार खर्जाची. तास-तास तीच तार छेडायची, गायचे नाही. गायक मंडळी पहाटे खर्ज भरतात तेही त्याच जातीचे. मैफलीत तार सप्तकाला टाळी पडते हे त्यांना ठाऊक नसते असे नाही. सतारीचीही हीच गोष्ट. तिची थोरली बहीण सूरबहार, आकाराने मोठी आणि आवाजाने खोल. अन्नपूर्णादेवी आधी सतार शिकल्या, मग त्यांचे वडील आणि गुरू उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी त्यांना सूरबहारकडे वळवले. पुढे मुंबईत राहून त्यांनी किती निरनिराळ्या वाद्यांचे शिष्य तयार केले पाहा. बासरीचे हरिप्रसाद चौरसिया त्यांतलेच. बासरीसारखे वरच्या आवाजाचे वाद्य आणि शिकवणारी सूरबहारची, यात वादकांना काही विचित्र वाटले नाही. २०१८ साली त्या वारल्या.

असो. आता शाळेकडे वळतो. गुरुजी आणि बाई म्हणतील, हे सगळे ठीक, पण आमच्याकडे ढोल एक, ताशा एक आणि मुले चाळीस. त्यावर तोड आहे. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा पालथा घातला की ताशा झाला, त्यावर लाकडी पट्टी चालते. मोठा प्लॅस्टिकचा पिंप पालथा घातला की खर्ज मिळतो. तेही नसेल तर पाय आहेत. निम्म्या वर्गाने फक्त पहिल्या मात्रेला पाय आपटावा, उरलेल्यांनी चारही मात्रांना टाळी द्यावी. दोन मिनिटांनी, न थांबता, अदलाबदल. अदलाबदलीच्या वेळी जो गोंधळ होतो, तोच या धड्याचा गाभा आहे. तो झाला नाही तर समजा की मुले एकमेकांचे ऐकतच नव्हती. ढोल फार जड असेल तर लहान मुलांच्या अंगावर बांधू नका, बाकावर ठेवून वाजवू द्या. आणि मुलींना ढोल द्यायला कचरू नका. नाशिक-पुण्याच्या पथकांत आज मुली तासन् तास ढोल बांधून चालतात.

मैदान मोठे असेल तर तो आवाजाच्या उशिराचा प्रयोग जरूर करा. शंभर मीटरच्या धावपट्टीच्या एका टोकाला ढोल, दुसऱ्या टोकाला वर्ग. टिपरू पडताना दिसते आणि आवाज सुमारे तीन-दशांश सेकंदाने येतो. मग दोन्ही टोकांना एकेक मुलगा उभा करून त्यांना एकत्र ठोका टाकायला सांगा. आधी डोळे मिटून, मग एकमेकांचा हात पाहून. पाठ्यपुस्तकातले पान मुले विसरतील, हे विसरणार नाहीत.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. जुने ताशेवाले म्हणतात, 'ढोल वाजवला की हात जड होतो, मग तर्री निघत नाही.' यात तथ्य आहे. खांद्याने वाजवायची सवय लागली की मनगट आखडते. त्यावर उपाय असा की, ढोलाच्या हंगामातही रोज दहा-पंधरा मिनिटे काड्या हातात घ्याव्यात. पण ताशावर नाही. घडी घातलेल्या गोणपाटावर. गोणपाट काडी परत उडवत नाही, त्यामुळे मनगटाला काम पडते, आणि शेजारचे लोकही शिव्या देत नाहीत. शेजाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर वाद्ये वाजवायला बंदी आहे, तेव्हा सराव संध्याकाळी उरकावा. ताशेवाल्यांनी कानात बोळे घालावेत. नुसता कापूस पुरत नाही, त्यासाठी मिळणारे रबरी बोळे घ्यावेत. ताशा कानाच्या अगदी जवळ असतो, आणि कानात सूं वाजायला लागले की ते दरवेळी परत जाईलच असे नाही. ज्याला ढोल ऐकण्याची सवय आहे तो ताशा जरा हलका वाजवतो, कारण ढोल झाकला गेलेला त्याला चालत नाही. ज्याला ती सवय नाही तो जास्त जोर लावतो, मग ढोलवाले जास्त जोर लावतात, आणि चौकात नुसता कल्लोळ उरतो.

ढोलवाल्यांनीही थोडा ताशा शिकावा का? शिकावा. इशारा येण्याआधी ताशेवाल्याची काडी कशी वळते, ताल बदलण्यापूर्वी तो काय करतो, हे त्यांना कळते आणि बदल गुळगुळीत होतो. पण त्यांना हे आठ-पंधरा दिवसांत जमते. ताशेवाल्याला ढोल समजायला जास्त वेळ लागतो.

किती वेळ, असे विचाराल तर दिवस मोजू नका, खूण पाहा. पोराला ढोलावर उभा करा आणि ताशेवाल्याला मुद्दाम सांगा, मधेच आठ मात्रा गप्प बस. ताशा थांबला की बहुतेक नवशिके ढोलवाले घाबरतात, ठोका धावतो किंवा बंदच पडतो. ज्या दिवशी पोरगा त्या आठ मात्रा एकटा, लय न हलवता, खाली न पाहता काढील आणि नवव्या मात्रेला ताशा येऊन त्याच्या ठोक्यावर बसेल, त्या दिवशी त्याचा ढोल उतरवून घ्या आणि त्याच्या हातात काड्या द्या.